जिने किती?

डिलाइल रोडच्या एका चाळीत मावशी-भाच्याचा एक वाद गेली काही वर्षं चालू आहे. मी त्याचा नेहमीचा श्रोता. मावशींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. १९८२ च्या संपाआधी आणि नंतरही काही वर्षं त्यांनी गिरणी कामगारांची खानावळ चालवली. भाचा त्याच चाळीत वाढला, आता डोंबिवलीला राहतो. हॉटेलं, बार, क्लब यांच्या आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी करणं हा त्याचा धंदा. वादाचा विषय चाळीच्या गॅलरीतूनच दिसतो : गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले क्लब, लाउंज, रेस्तराँ, आणि दर दिवाळीनंतर त्यांत पडणारी नवी भर.

कोण कोणाच्या बाजूने बोलत असेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मावशी क्लबांच्या बाजूने आहेत. भाचा, ज्याचं पोट त्यांच्यावर चालतं, तो विरोधात. परवाचा वाद डिसेंबरातला, गोव्यातल्या हडफडेच्या क्लबला लागलेल्या आगीची बातमी ताजी असतानाचा. लिहून काढताना मी पुनरुक्ती गाळली आहे, तिखटपणा ठेवला आहे.

भाचा : काल रात्री पावणेदोनला गिरणीच्या आवारातून बाहेर पडलो. फाटकापासून पुलापर्यंत गाड्यांची रांग. व्हॅलेवाली पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतायत, कोणीतरी फुटपाथवर ओकतंय, आणि समोरच्या चाळीतल्या माणसाला पहाटे पाचला उठून लोकल पकडायचीय. मावशी, हा आपला भाग राहिलेला नाही.

मावशी : पावणेदोनला तू काय करत होतास तिथे?

भाचा : काम. हॉटेल बंद झाल्याशिवाय भटारखान्याचा डक्ट उघडून बघता येत नाही.

मावशी : म्हणजे रात्रपाळी. तुझ्या काकांनी आयुष्यभर तेच केलं. बाराला दुसरी पाळी सुटायची, तिसरी आत जायची, आणि या रस्त्यावर दिवसासारखी माणसं. चहावाला उघडा, पानवाला उघडा, भजीचा घाणा चालू. गिरणगाव रात्री झोपायचं हे तुला कोणी सांगितलं? एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीने झोपायची. एकाचं अंथरूण गार व्हायच्या आत दुसरा त्यात शिरायचा. तेव्हा तर भोंगा वाजायचा, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा. त्याच्याविरुद्ध तक्रार करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

भाचा : भोंगा पोटासाठी होता. हा डीजे पोटासाठी नाही.

मावशी : तुझ्या पोटासाठी आहे की. आणि माझ्या नातीच्या.

नात हा मावशींचा हुकमी एक्का. ती चोवीस वर्षांची आहे आणि जवळच्याच एका नव्या ठिकाणी बारच्या मागे उभी असते. हॉटेल मॅनेजमेंटचा पदविका अभ्यासक्रम, मग एका मोठ्या हॉटेलात उमेदवारी, मग इथे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट एकवीस, कडक दारूसाठी पंचवीस. तेव्हा ही मुलगी रोज रात्री जी व्हिस्की मोजून ओतते ती स्वतः प्यायचा परवाना तिला अजून मिळत नाही. मावशींना यात काही विचित्र वाटत नाही. त्या म्हणतात, मी तरी खानावळीत मटण वाढून स्वतः कधी खाल्लं?

भाचा : तिचं कौतुक मलाही आहे. पण रात्री दोनला घरी येणारी मुलगी, हे तुम्हाला काळजीचं वाटत नाही?

मावशी : गाडी सोडते दारात. सही घेतलीय तिची, रात्रीच्या कामाला राजी आहे म्हणून. तूच सांगितलंस ना, तसा कायदा आहे.

भाचा : आहे. २०१७ चा दुकानं-आस्थापनांचा. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी.

मावशी : आणि माझ्या सासूच्या वेळी? फॅक्टरीच्या कायद्याने बायकांना रात्रपाळी नव्हतीच. गिरण्यांत तिसरी पाळी आली तसं मालक म्हणायला लागले, बायका रात्रीला चालत नाहीत तर ठेवायच्या कशाला? वाइंडिंग खातं, रीलिंग खातं, तिथे बायाच बाया होत्या. हळूहळू निघाल्या. कोणी वस्तीत भाजी विकायला बसली, कोणी माझ्यासारखी चूल पेटवून बसली. आमची काळजी करून आम्हाला घरी बसवलं. तुझी काळजी पण तसलीच दिसते.

भाचा यावर गप्प बसला. मी त्याच्या जागी असतो तर मीही बसलो असतो. गिरणगावाच्या आठवणी सांगणाऱ्यांत पुरुष जास्त. त्यांच्या आठवणीतली रात्र तमाशाच्या थेटरातली, भजनी मंडळाची, नाक्यावरच्या गप्पांची असते. लालबागचं हनुमान थिएटर, परळचं दामोदर नाट्यगृह ही नावं त्यांच्या ओठांवर. बायका त्या रात्रीत कुठे होत्या, हे विचारलं की उत्तर स्वयंपाकघराकडे जातं.

मावशींची खानावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली. गावी बायको-पोरं ठेवून आलेले वीसेक मेंबर. पाळीप्रमाणे पंगती : पहाटे सहाच्या आधी एक, दुपारी एक, रात्री बारानंतर एक. रविवारी एक वेळ मटण किंवा मासळी. पैसे महिन्याचा पगार झाला की, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य, आणि त्या उधारीचं व्याज कधी विचारू नये. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारण म्हणून ठेवायला काहीही नसलेल्या अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा वाण्याचा पाश सैल झाला. गिरणगावातल्या बाहेरच्या खाण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी. लाउंज फार उशिरा आलं.

मावशी : हे नवे लोक म्हणतात, आम्ही परळला खाण्याचं केंद्र केलं. आम्ही काय माशा मारत होतो?

भाचा : तुम्ही सव्वा लाखाचं भाडं भरत नव्हतात. तोच तर फरक. मावशी, तुमच्या खानावळीत गिरणीतलाच माणूस जेवत होता. इथे या चाळीतला एक तरी माणूस जाऊन बसतो का? एका कॉकटेलच्या पैशात तुमच्या मेंबराचं वर्षाचं जेवण झालं असतं.

मावशी : तेव्हाच्या पैशात. आताच्या पैशात महिन्याचंही होणार नाही. हिशेब नीट मांड.

भाचा : बरं, महिन्याचंही नाही. तरी मुद्दा तोच. जे इथे राहतात त्यांच्यासाठी इथे काही उघडत नाही.

मावशी : काकांची गिरणी कोणासाठी होती रे? विणलेलं कापड आम्ही नेसत होतो का? आम्ही फेंटचे तुकडे आणायचो, गिरणीच्या दुकानातून. माल नेहमी दुसऱ्यासाठीच असतो. आपल्याला मजुरी मिळते का, एवढं बघायचं.

हे बोलणं मला कठोर वाटलं, पण खोटं म्हणता येईना. मावशींना गिरणीविषयी हळवेपणा नाही. काकांच्या छातीत कापसाची धूळ बसली ती शेवटपर्यंत निघाली नाही. साचे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाशी घरात ओरडून बोलावं लागायचं, कारण हजार मागांच्या खडखडाटात कान गेलेले. फिनिक्सच्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी जपून ठेवली आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. मावशी तिच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत.

भाचा मात्र त्या चिमणीपाशीच अडतो.

भाचा : ती चिमणी म्हणजे मेलेल्याचा फोटो भिंतीला लावून त्याची खोली भाड्याने द्यावी, तसं आहे. नव्वदीच्या शेवटी फिनिक्समध्ये बोलिंग अ‍ॅली आली, मग नाइटक्लब. तेव्हा कामगार अजून थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. मग मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग आला, मग टोडी मिल, मग कमला मिल भरली.

मी : ब्लू फ्रॉगमध्ये तू स्वतः जायचास.

भाचा : गाणं ऐकायला. तिथे गाणं चांगलं व्हायचं, ते मी नाकारत नाही. २०१६ ला बंद झाला तेव्हा वाईटही वाटलं. गाणं चांगलं असलं म्हणून जमीन कोणाची हा प्रश्न मिटत नाही ना.

मावशी : जमीन मालकाची होती.

भाचा : अर्धवट. ऐका. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम. योगायोगाने मुंबईत गिरण्याही ५८. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे तीन वाटे : एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाला. सगळ्या गिरण्यांची मिळून सहाशेएक एकर जमीन. करा हिशेब. शहराच्या मधोमध दोनशे एकर मोकळी जागा आली असती, दोनशे एकरांवर घरं. म्हणून कोणी गिरणी विकायलाच काढेना. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती. वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासून मोकळी आहे. जिच्यावर शेड उभी आहे ती वाटणीतून बाहेर. आता सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? आपल्या गिरणीत फाटकापासून त्रासन खात्यापर्यंत उघडं असं काय होतं?

मावशी : सायकलींचा स्टँड.

भाचा : सायकलींच्या स्टँडचा तिसरा हिस्सा मिळाला मुंबईला. लोक उच्च न्यायालयात गेले, २००५ मध्ये तिथे जिंकलेही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. संपला विषय. तुमच्या नातीचा बार जिथे आहे तिथे कदाचित बाग असती, मावशी. कदाचित तुमचं घर.

इथे मावशींचा आवाज पहिल्यांदा खाली आला. घराचा फॉर्म त्यांनीही भरला आहे. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे अर्ज दीड लाखाच्या वर. २०१२ पासून निघालेल्या सोडतींत घरं निघाली ती पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. बाकीच्यांना शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवलं गेलं, आणि २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानात पावसात बसले, आम्हाला मुंबईतच घर हवं म्हणून. मावशी गेल्या नाहीत. गुडघे धरतात. शेजारच्या गेल्या होत्या.

जमिनीच्या बाबतीत भाच्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि मावशींनी तसा प्रयत्नही केला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा मुद्दा तो शेवटी काढतो. सुरुवात नेहमी ओकाऱ्या, गाड्या, कमी कपडे, डीजे इथून होते. वर्तमानपत्रांतही तसंच होतं. नाइटलाइफचा विषय निघाला की संस्कृतीवर चर्चा रंगते, आणि एकरांचा हिशेब ज्यांनी केला ते सुखाने घरी जातात. २०२० च्या जानेवारीत सरकारने मुंबईत मॉल, गिरण्यांची आवारं अशा ठिकाणी दुकानं आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली तेव्हा आठवडाभर टीव्हीवर हाच गोंधळ. दारूच्या वेळा बदललेल्याच नव्हत्या, बार दीडलाच बंद होणार होते. तरी चर्चा दारूचीच. मार्चमध्ये करोना आला आणि सगळंच बंद झालं.

मावशी : दारूचं तू बोलूच नकोस. दारूबंदी होती तेव्हा या गल्लीत काय नव्हतं? आंटीचा अड्डा होता, हातभट्टीचा गुत्ता होता. पगाराच्या रात्री बाया गिरणीच्या फाटकावर उभ्या राहायच्या, नवरा अड्ड्याकडे वळायच्या आत पाकीट ताब्यात घ्यायला. मी स्वतः उभी राहिलेय. आत काय पाजतात ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भाचा : तो काळ गेला.

मावशी : कुठे गेला? मालवणीला माणसं मेली ती किती साली?

भाचा : २०१५.

मावशी : किती?

भाचा : शंभराच्या वर.

मावशी : आणि तुझ्या या कमला मिलला?

भाचा : चौदा.

मावशी : मालवणीची नावं कोणी छापली? तिथे तर झोपडपट्टीतली माणसं, विषारी दारू पिऊन मेली. त्यांच्यासाठी कोणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. उजेडात, बिल देऊन, बाटलीवर शिक्का असलेली दारू पिणाऱ्यांचं मला भय वाटत नाही. अंधारातल्या दारूचं वाटतं.

भाचा : कमला मिल उजेडातच होती, मावशी.

इथून वादाची दिशा बदलली. आजवर मी ऐकलेल्या त्यांच्या भांडणांत असं कधी झालं नव्हतं. भाचा आपल्या धंद्याविषयी घरी फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

२०१७ सालच्या २९ सप्टेंबरला सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात एकमेकांना लागून असलेल्या दोन गच्च्यांवरच्या दोन ठिकाणांना आग लागली आणि १४ माणसं गेली. दोन्ही जागांत चालत जायचं अंतर फार नाही. पहिल्या घटनेत गिरण्यांच्या जागी आलेल्या कचेऱ्यांत कामाला येणारी माणसं होती, दुसरीत रात्री मौजेसाठी आलेली. पहिलीवर रेल्वेची चर्चा झाली, दुसरीवर पब संस्कृतीची. भाचा म्हणतो, माझ्या वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत.

भाचा : दोन्हीकडे माणसं उतरायचा रस्ता शोधत मेली. पुलावर वरून खाली येणाऱ्यांना जिना पुरला नाही. गच्चीवर धूर झाल्यावर बाहेर जायची वाट सापडली नाही म्हणून माणसं स्वच्छतागृहात शिरली, आणि तिथेच गुदमरली. हुक्क्याच्या निखाऱ्याने पेट घेतला, असं अग्निशमन दलाच्या अहवालात आहे. मग सरकारने हुक्का पार्लरवर बंदी आणली. पण निखारा कुठूनही येतो, मावशी. समईतून येतो. प्रश्न वर काय बांधलंय आणि खाली कुठून जायचं, एवढाच.

मावशी : परवानगी होती का वर बांधायची?

भाचा : महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण त्या नोव्हेंबरात मंजूर केलं. आग डिसेंबरात. पण गच्च्या त्याआधीपासून चालूच होत्या. आगीच्या दुसऱ्या दिवशी शहरभर हातोडे चालले. शेकड्याने बेकायदा बांधकामं पाडली.

मावशी : एका दिवसात? म्हणजे कुठे कुठे आहेत ते आदल्या दिवशीही ठाऊक होतं.

भाचा यावर हसला. त्यात आनंदाचं काही नव्हतं.

भाचा : १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनीचा आराखडा दिला होता. त्यात परळ आणि एल्फिन्स्टन स्टेशनांच्या मधे लोकांसाठी मोठी मोकळी जागा सुचवलेली. म्हणजे माणसं स्टेशनातून बाहेर पडली की पसरतील. झालं काय? गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, क्लब आले, माणसं कैक पटींनी वाढली, आणि पूल तोच. तेवीस माणसं गेल्यावर सैन्याला बोलावून नवा पूल बांधला, २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. म्हणून मी म्हणतो, आता पुरे. या भागात एकही नवा क्लब नको. रस्ते तेवढेच आहेत, बंबाला वळायला जागा नाही.

मावशी : हे म्हणजे खानावळीत वाढप्या कमी म्हणून मेंबरांना उपाशी ठेवायचं. क्लब कमी करून तुझी ती बाग परत येणार आहे का? जागा रिकामी झाली तर मालक काय करील? टॉवर बांधील. टॉवरात माझ्या नातीला काय मिळेल, भांडी घासायचं काम? क्लब चालू दे. जिना बांधायला लाव.

भाचा : लावणारा मी कोण? नियम आहेत. एका वेळी इतकी माणसं जमणार असतील तर एकमेकांपासून लांब असे दोन मार्ग तरी हवेत, ते अडवलेले नकोत, दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत. मी जातो, बघतो, लिहितो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी द्यायचा. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून.

मावशी : तुझी सही?

भाचा : आमच्या एजन्सीची.

मावशी : एजन्सीला पैसे कोण देतं?

भाचा : हॉटेलवाला.

मावशी : (माझ्याकडे वळून) बघा. आमच्या गिरणीत पण असंच होतं. बॉयलर तपासायला साहेब यायचा तर जेवायला मालकाकडे.

भाचा : आम्ही खोटी सही करत नाही, मावशी.

मावशी : मी कुठे म्हटलं करतोस? मी विचारलं, पैसे कोण देतं.

मला वाटतं, साऱ्या वादातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न. कमला मिलनंतर चौकश्या झाल्या, अटका झाल्या, नियम कडक झाले. तपासणाऱ्याचं पोट ज्याच्यावर आहे त्यालाच तपासायचं, ही रचना मात्र हलली नाही. मुंबई सोडा, गोव्यात ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडेच्या क्लबात २५ माणसं मेली, त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी. आचारी, मदतनीस, वाढपी. कोणी झारखंडचा, कोणी आसामचा, कोणी नेपाळचा. आत जाणारा रस्ता इतका अरुंद की बंब दारापर्यंत पोहोचेना. नाचायला आलेल्यांतली बरीच माणसं निसटली. आतल्या बाजूला, खाली काम करणाऱ्यांना ते जमलं नाही.

मावशींनी ही बातमी टीव्हीवर दोन दिवस पाहिली होती. क्लब वाईट हे त्यावरूनही त्यांना पटलेलं नाही. मजुराला मालक कुठे उभा करतो, हे त्यांनी आधी पाहिलेलं आहे. गिरणीत आग लागली की आधी कापसाच्या गाठी वाचवायचे, असं त्या म्हणाल्या. खरं-खोटं त्यांना माहीत. नव्या जागांतही भटारखाना सगळ्यात मागे असतो, तळघरात असतो, डक्टच्या तुपकट काजळीखाली असतो, गॅसच्या सिलिंडरांशेजारी असतो. पाहुण्यांना दिसेल अशा भागात लाखो रुपयांचे दिवे. भाचा म्हणतो, दिव्यांच्या खर्चाच्या शंभराव्या भागात धुराचं दार बसतं. हेच मालक मेन्यूवर मात्र अफाट कष्ट घेतात, आणि काही ठिकाणी ते खरोखर सार्थकी लागतात. २०१५ मध्ये कमला मिलच्या आवारात ‘द बॉम्बे कॅन्टीन’ उघडलं तेव्हा त्यामागे मुंबईत जन्मून न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ होते. आपल्या प्रांताप्रांतांतले पदार्थ, आपल्याच भाज्या आणि धान्यं, पण मांडणी आजची. कार्डोझ २०२० च्या मार्चमध्ये करोनाने गेले. त्यांनी दाखवलेल्या वाटेने नंतर बरेच जण चालले. जिथे बाहेरचं सगळं ते भारी अशी समजूत होती त्या गावाने स्वतःचं जेवण पैसे देऊन मागायला सुरुवात केली, याचं श्रेय या नव्या जागांना द्यायला हवं. भाचा ते देत नाही. मावशी देतात, फक्त पानात वाढतात किती कमी, एवढं त्यांना खटकतं.

मावशी : ते जाऊ दे. माझ्या पोरीच्या हॉटेलात तू गेला होतास ना?

भाचा : जुलैत गेलो होतो. नात्यातलं माणूस आहे म्हणून मी आत गेलो नाही, सहकाऱ्याला पाठवलं. अहवाल वाचला.

मावशी : जिने किती?

भाचा : दोन.

मावशी : आणि?

भाचा : पुढचा नीट आहे. मागच्यावर बिअरचे क्रेट रचलेले होते. फ्रीज मावत नव्हता म्हणून तोही तिथेच. आम्ही लिहून दिलं, मोकळं करा म्हणून.

मावशी : केलं?

भाचा : फोटो पाठवला होता त्यांनी, मोकळं केल्याचा. जानेवारीत पुन्हा तपासणी आहे, तेव्हा बघू.

मावशी : जानेवारीच्या आधी थर्टी फर्स्ट येतो.

भाचा : मावशी, तारीख ठरलेली असते. मधेच असं जाता येत नाही.

मावशी : तपासायला नको जाऊस. जेवायला जा. बिल मी देते. मागच्या जिन्याने उतर आणि मला फोन कर.

भाचा : तिथे एका माणसाचं बिल किती होतं माहितीये का?

मावशी : मेन्यू पाठ आहे मला, पोरगी रोज सांगते. सूप घे, त्यात भागेल. उद्या जा.

भाचा : उद्या रविवार आहे.

मावशी : रविवारीच जा. गर्दी असेल तेव्हा क्रेट बाहेर काढतात की आत ठेवतात, ते तरी कळेल.